आटपाट नगर आणि स्पॅनिश भूतकाळ

शालेय परीक्षेत स्पॅनिश हा विषय घेणाऱ्या मुलांची उजळणी घेण्याचा योग मला गेली काही वर्षे येत आहे. मुंबई-पुण्याच्या काही शाळांत फ्रेंच-जर्मनच्या जोडीला आता ही भाषाही शिकवली जाते आणि शिकवण्याचे माध्यम अर्थातच इंग्रजी असते. मुले येतात तेव्हा बहुतेकांच्या वहीत एक भला मोठा तक्ता असतो. 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'कोमेर' म्हणजे खाणे आणि 'बिबीर' म्हणजे राहणे किंवा जगणे, अशी तीन नमुन्याची क्रियापदे आणि त्यांच्यापुढे काळांचे रकाने. सात साधे काळ, सात संयुक्त काळ आणि प्रत्येकाची सहा रूपे, म्हणजे एका क्रियापदाची ८४ रूपे झाली. हा चौऱ्याऐंशीचा फेरा चुकवावा कसा, एवढीच चिंता मुलांच्या चेहऱ्यावर असते.

पण गंमत अशी की, तक्ता तोंडपाठ असलेल्या मुलांचेही गुण जातात. त्यांनी लिहिलेले रूप तक्त्याप्रमाणे अगदी बिनचूक असते. फक्त ते त्या वाक्यात बसत नाही. हे गुण बहुधा एकाच जागी जातात, ती जागा म्हणजे भूतकाळ. प्रस्तुत लेखात मला एवढेच दाखवावयाचे आहे की, ह्या मुलांना जे उत्तर इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकात सापडत नाही, ते त्यांच्या घरच्या मराठीत पुष्कळदा तयार असते. मराठी व्याकरण केवळ गुणांसाठी घोकून पुढे विसरून गेलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा चमत्कारिक वाटेल. म्हणून उदाहरणांनीच बोलावे हे बरे.

आधी लिपीविषयी दोन शब्द. येथे स्पॅनिश शब्द नागरीत लिहिले असून उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत. मूळ लिखाणात ज्या स्वरावर आघाताचे चिन्ह द्यावे लागते, त्याच्यापुढे क्रियारूपांत मी अवग्रह (ऽ) घातला आहे. हे चिन्ह शोभेचे नाही. 'आब्लो' म्हणजे मी बोलतो आणि 'आब्लोऽ' म्हणजे तो बोलला. चिन्ह विसरले की काळही बदलतो आणि कर्ताही. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य असतात, त्यामुळे आपल्या मुलांचे उच्चार चटकन बसतात. 'ख' मात्र घसा घासून म्हणावयाचा, उर्दू 'खबर'मधल्यासारखा.

आता तक्त्याची भीती थोडी कमी करू. चौदापैकी सात संयुक्त काळ म्हणजे 'आबेर' ह्या एकाच साहाय्यक क्रियापदाची रूपे आणि पुढे धातुसाधित: 'ए आब्लादो' म्हणजे मी बोललो आहे, 'आबीऽआ आब्लादो' म्हणजे मी बोललो होतो. 'आबेर' एकदा पाठ झाले की सात रकाने एकदम गळतात. राहतात ती एस्क्रीतो (लिहिलेले), एचो (केलेले), बीस्तो (पाहिलेले), दीचो (सांगितलेले) अशी डझनभर अनियमित धातुसाधिते. भविष्यकाळ आणि संकेतार्थ हे दोन रकाने तर खरे एकच आहेत. दोन्ही अख्ख्या क्रियापदाला प्रत्यय लावून होतात, आणि ज्या मोजक्या क्रियापदांचे अंग बदलते ते दोन्हीकडे सारखेच बदलते: 'तेनेर'चे 'तेन्द्रेऽ' आणि 'तेन्द्रीऽआ', 'बेनीर'चे 'बेन्द्रेऽ' आणि 'बेन्द्रीऽआ'. एका यादीत दोन काळ होतात. उरले वर्तमान, दोन भूतकाळ आणि 'सुब्खुन्तीबो' नावाचा अर्थ. खरी लढाई ह्या चौघांशी.

त्यांतले दोन भूतकाळ म्हणजे 'प्रेतेरितो' आणि 'इम्पेर्फेक्तो'. पुस्तकांत व्याख्या असते की, पहिला पूर्ण झालेल्या क्रियेचा आणि दुसरा चालू असलेल्या किंवा वारंवार होणाऱ्या क्रियेचा. व्याख्या खोटी नाही. पण ती ज्या इंग्रजीतून सांगितली जाते तिच्यात 'वेंट' हे एकच रूप दोन्हीकडे चालून जाते, म्हणून व्याख्या पाठ असलेल्या मुलाला ती वाक्यात कुठे लावावी हे दिसत नाही. 'काल आम्ही आजीकडे गेलो' आणि 'लहानपणी आम्ही दर रविवारी आजीकडे जात असू' ही दोन वाक्ये घ्या. इंग्रजीत दोन्हीकडे 'वेंट' म्हणता येते. मराठीत तसे करून पाहा: 'लहानपणी आम्ही दर रविवारी आजीकडे गेलो.' हे वाक्य पहिलीतल्या मुलाच्या कानालाही खटकेल. स्पॅनिश माणसाचा कान नेमका ह्याच ठिकाणी खटकतो. पहिल्या वाक्यात त्याला 'फ्वीमोस' हवे असते आणि दुसऱ्यात 'ईऽबामोस'.

आपल्या शालेय व्याकरणात 'रीतिभूतकाळ' नावाचा एक रकाना असतो. जात असे, करीत असे, किंवा जुन्या वळणाचे जाई, करी, बोले. त्याच्या शेजारी 'अपूर्ण भूतकाळ' असतो: जात होता, करीत होता. हे दोन रकाने एकत्र केले की स्पॅनिश इम्पेर्फेक्तो तयार होतो, आणि 'गेला', 'केले' हा आपला साधा भूतकाळ राहिला की तो प्रेतेरितो. बोलीतले 'जायचो', 'करायचो' हेही इम्पेर्फेक्तोच.

हे एका दमात समजावयाचे असेल तर आपल्या कहाण्यांकडे जावे. कहाणी नेहमी आटपाट नगरापासून सुरू होते. समजा, ती अशी आहे: आटपाट नगर होते. तेथे एक विणकर राहत असे. त्याला तीन मुली होत्या. तो रोज नदीवर जाई. एके दिवशी त्याला नदीत एक पेटी दिसली. त्याने ती उघडली.

पहिल्या चार वाक्यांत काय घडले? काहीच नाही. रंगमंचावर पडदे लागले, दिवे लागले, माणसे आपापल्या जागी उभी राहिली. 'एके दिवशी' म्हटल्याबरोबर नाटक सुरू झाले. स्पॅनिश गोष्टही अशीच 'आबीऽआ उना बेस' म्हणून सुरू होते, म्हणजे 'एकदा एक होते', आणि 'उन दीऽआ', म्हणजे 'एके दिवशी', ह्या शब्दांवर वळते. 'आबीऽआ', 'बिबीऽआ', 'तेनीऽआ', 'ईबा' ही आधीची चारही रूपे इम्पेर्फेक्तोची; 'बिओ' (पाहिली) आणि 'आब्रिओऽ' (उघडली) ही नंतरची दोन प्रेतेरितोची. म्हणून मुलांना मी व्याख्येऐवजी एक प्रश्न देतो: ह्या क्रियापदाने गोष्ट पुढे सरकली का? सरकली असेल तर प्रेतेरितो, नुसती जागा सजली असेल तर इम्पेर्फेक्तो. परीक्षेत गाळलेल्या जागा भरा म्हणून जो उतारा येतो तो शंभरातले नव्वद वेळा गोष्टीचाच असतो. त्यात 'उन दीऽआ', 'दे रेपेन्ते' (एकाएकी), 'एन्तोन्सेस' (मग) हे शब्द आधी अधोरेखित करून घ्यावेत. पाणी कुठून वळले ते कळते.

वेळ आणि वय ह्या दोन गोष्टी मात्र काही विचार न करता इम्पेर्फेक्तोत घालाव्यात. 'आठ वाजले होते' म्हणजे 'एरान लास ओचो'. 'मी दहा वर्षांचा होतो' म्हणजे 'तेनीऽआ दिएस आन्योस', शब्दशः 'माझ्याजवळ दहा वर्षे होती'. वयाची मोजणी संपत्तीसारखी करणारी ही भाषा आहे!

मराठी थोडी सैल पडते अशीही एक जागा आहे, ती सांगून ठेवतो. 'मी माद्रिदला तीन वर्षे राहत होतो' आणि 'तीन वर्षे राहिलो' ही दोन्ही वाक्ये आपण बिनदिक्कत बोलतो. स्पॅनिशमध्ये अवधी मोजून दिला की त्याला कुंपण पडले असे समजतात, आणि कुंपण पडले की प्रेतेरितो: 'बिबीऽ त्रेस आन्योस'. तीन वर्षे असोत की तीनशे, क्रिया किती लांब आहे ह्याला महत्त्व नाही. ती बाहेरून, संपलेली अशी पाहिली का, ह्याला आहे. 'सिएम्प्रे' (नेहमी) हा शब्द दिसला की डोळे मिटून इम्पेर्फेक्तो लिहिणारी मुले येथेच फसतात. 'मी जन्मभर इथेच राहिलो' ह्या अर्थाने 'सिएम्प्रे बिबीऽ आकीऽ' असे प्रेतेरितोत म्हणता येते.

ह्या काळांच्या नावांमुळे होणारा गोंधळ निराळाच आहे. स्पेनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत प्रेतेरितोला बहुधा 'इन्देफिनीदो' म्हणतात. तेथील व्याकरणग्रंथ त्यालाच 'पेर्फेक्तो सिम्प्ले' म्हणतात. आणि मेक्सिकोतील शालेय पुस्तक हाती पडले तर त्यात इम्पेर्फेक्तोचा पत्ताच नसतो, तेथे 'कोप्रेतेरितो' असतो. एकाच काळाची तीन नावे पाहून मुले तीन काळ पाठ करू लागतात. वहीच्या पहिल्या पानावर कोणते नाव कोणत्या काळाचे हे जुळवून ठेवले तर हा त्रास वाचतो.

त्यातले 'कोप्रेतेरितो' हे नाव मात्र ओळख करून घेण्यासारखे आहे. ते आन्द्रेस बेयो ह्यांचे. १७८१ साली काराकास येथे जन्मलेला हा पंडित पुढे चिलीत स्थायिक झाला, तेथील विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला आणि १८४७ साली त्याने अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांसाठी म्हणून एक व्याकरण प्रसिद्ध केले. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले होते, हे येथे सहज आठवते. बेयोने काळांना लॅटिनची जुनी नावे न देता प्रत्येक काळाचे नाते सांगणारी नावे दिली. भूतकाळ तो प्रेतेरितो. त्या भूतक्षणाच्या वेळी सोबत चालू असलेले ते 'को-प्रेतेरितो', म्हणजे सह-भूत. त्या भूतक्षणानंतर होणारे ते 'पोस-प्रेतेरितो', म्हणजे भूतापुढचे. ह्यालाच आज आपली पुस्तके संकेतार्थ म्हणतात. पाऊस पडत होता तेव्हा मी निघालो, 'योबीऽआ क्वान्दो सालीऽ': निघणे हा क्षण, आणि पाऊस त्याचा सोबती. नावातच नियम आला. मला तरी स्पेनच्या नावांपेक्षा बेयोची नावे शतपटीने बरी वाटतात. 'अपूर्ण' म्हटल्याने मुलाला काही कळत नाही, 'सोबतचा' म्हटल्याने कळते.

आता परीक्षकांच्या आवडीच्या प्रश्नाकडे वळू. काही क्रियापदे अशी आहेत की काळ बदलला म्हणजे त्यांचा अर्थच बदलल्यासारखा वाटतो. पुस्तकांत ह्यांची वेगळी चौकट असते आणि मुले ती अपवाद म्हणून पाठ करतात. वास्तविक त्यात अपवाद काहीच नाही. 'साबेर' म्हणजे माहीत असणे. 'साबीऽआ' म्हणजे मला माहीत होते. 'सूपे' म्हणजे मला कळले. 'कोनोसेर' म्हणजे ओळखणे. 'ला कोनोसीऽआ' म्हणजे मी तिला ओळखत होतो. 'ला कोनोसीऽ' म्हणजे तिची-माझी ओळख झाली. 'पोदीऽआ' म्हणजे जमण्यासारखे होते, 'पूदे' म्हणजे जमले. 'नो केरीऽआ' म्हणजे इच्छा नव्हती, आणि 'नो कीसे' म्हणजे नाही म्हटले. माहीत असणे ही स्थिती. तिच्यात प्रवेश करण्याचा क्षण म्हणजे कळणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला 'न्यू' ह्या एका शब्दाचे दोन तुकडे करावे लागतात. मराठीत ते तुकडे आधीच झालेले आहेत. 'काल मला माहीत झाले' असे न म्हणता आपण 'काल मला कळले' म्हणतो, ह्याचे कारण आपण कधी कोणाला विचारले होते?

रूपांविषयी फार लिहीत नाही, कारण ती शेवटी घोकावीच लागतात. इम्पेर्फेक्तोची अनियमित क्रियापदे मात्र सबंध भाषेत तीनच आहेत: 'सेर'चे 'एरा', 'ईर'चे 'ईबा' आणि 'बेर'चे 'बेईऽआ'. तीन म्हणजे तीनच. चौथे शोधत बसू नये. प्रेतेरितो त्या मानाने खाष्ट. तेथे तूबे, एस्तूबे, पूदे, पूसे, सूपे, बीने, ईसे, कीसे, दीखे, त्राखे ही टोळी एकत्र पाठ करावी. ह्या टोळीतल्या कोणाच्याही शेवटच्या अक्षरावर आघात नसतो. 'सेर' (असणे) आणि 'ईर' (जाणे) ह्यांचा प्रेतेरितो एकच आहे, 'फ्वी, फ्विस्ते, फ्वे'; कोणता ते संदर्भावरून कळते. 'पागार' म्हणजे पैसे देणे. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, तेव्हा हे क्रियापद तरी परके वाटू नये. त्याचे 'पागेऽ' (मी पैसे दिले) हे रूप लिहिताना मध्ये एक मुका 'यू' घालावा लागतो, नाहीतर 'ग'चा 'ख' होतो. 'बुस्कार'चे 'बुस्केऽ', 'एम्पेसार'चे 'एम्पेसेऽ' ह्यांतही असेच अक्षर बदलते, उच्चार टिकवण्यासाठी.

वर्तमानकाळातल्या 'पोदेर – प्वेदो', 'केरेर – क्येरो' अशा स्वरबदलाला मुले फार भितात. कारण एकच आहे. आघात धातूवर पडला की 'ओ'चा 'वे' आणि 'ए'चा 'ये' होतो. आघात प्रत्ययावर सरकला की मूळ स्वर परत येतो. म्हणून 'प्वेदो' पण 'पोदेमोस', 'क्येरो' पण 'केरेमोस'. सगळ्याच क्रियापदांत हे होत नाही, पण ज्यांत होते त्यांत ते ह्याच हिशेबाने होते. मूल पण मुलाला, मीठ पण मिठाला, असे आपण लिहितोच ना? शब्दाचे वजन पुढे गेले की मागचा स्वर आखडतो. तत्त्व फार निराळे नाही.

आता सुब्खुन्तीबो. हे नाव ऐकताच मुलांचे तोंड उतरते, कारण इंग्रजीत ह्या अर्थाची वेगळी रूपे जवळजवळ नामशेष झाली आहेत, आणि नसलेल्या वस्तूचे वर्णन ऐकून ती ओळखावयाची म्हणजे कठीणच. मराठीत ती वस्तू जिवंत आहे. 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे.' ह्यात 'येतोस' का म्हटले नाही? कारण येणे अजून प्रत्यक्षात नाही, मनात आहे. आपण विध्यर्थ वापरला. स्पॅनिश माणूस सुब्खुन्तीबो वापरतो: 'क्येरो के बेंगास'. 'तो घरी असावा अशी आशा आहे', 'एस्पेरो के एस्तेऽ एन कासा'. इच्छा, आशा, आज्ञा, शंका ह्यांच्या मागून येणाऱ्या वाक्यात मराठीत 'वे' किंवा 'वा' आला की स्पॅनिशमध्ये बहुधा हाच अर्थ लागतो. 'ओखालाऽ' हा शब्द तर आपल्या ओळखीचाच निघतो. ईश्वराची इच्छा असती तर, अशा अर्थाच्या अरबी शब्दांतून तो स्पेनमध्ये तयार झाला, आणि त्याच्यामागे नेहमी सुब्खुन्तीबोच येतो.

इतके झाल्यावर मराठी कोठे दगा देते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे मातृभाषेची आरती होईल. 'तू येशील तेव्हा बोलू' ह्यात आपण सरळ भविष्यकाळ घालतो. स्पॅनिशमध्ये 'क्वान्दो'पुढचे येणे अजून व्हावयाचे असेल तर तेथेही 'बेंगास'च. 'तो म्हणाला की मी येईन' असे आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवून सांगतो. स्पॅनिशमध्ये त्याचे 'दीखो के बेन्द्रीऽआ' होते, म्हणजे बेयोचा भूतापुढचा काळ. मराठी मुले येथे हमखास 'बेन्द्रेऽ' लिहितात. आणि सर्वांत मोठा दगा आपल्या कर्मणी प्रयोगाचा. 'तिने पत्र लिहिले', 'तिने चिठ्ठी लिहिली': आपले क्रियापद कर्माच्या मागे धावते. स्पॅनिश क्रियापद कर्त्याला कधी सोडत नाही. पत्र एक असो की दहा, 'एस्क्रिबिओऽ' तेच. उलट, 'तो गेला' आणि 'ती गेली' हा लिंगाचा भेद तेथे क्रियापदाला नाहीच. दोघांनाही 'फ्वे'. मराठीसारखी तीन लिंगांची भाषा बोलणाऱ्याला ही सूट मोठी वाटावी.

'सेर' आणि 'एस्तार' ह्या दोन 'असण्यां'विषयीही मराठीत थेट मदत नाही. आपला 'आहे' दोघांचेही काम करतो. मुलांना शिकवलेले असते की कायमचे ते 'सेर' आणि तात्पुरते ते 'एस्तार'. ह्या नियमावर विसंबू नये. मेलेला माणूस 'एस्ताऽ म्वेर्तो' असतो, आणि मरणाइतके कायमचे दुसरे काय आहे? त्यापेक्षा मूळ धातू लक्षात ठेवावेत. 'एस' (आहे) आणि संस्कृत 'अस्ति' हे एकाच कुळातले. 'एस्तार' आणि संस्कृत 'स्था' हेही एकाच कुळातले. वस्तू काय आहे ते 'सेर' सांगतो, ती कोठे किंवा कोणत्या अवस्थेत उभी आहे ते 'एस्तार' सांगतो. म्हणून माद्रिद शहर जागचे हलणार नसले तरी 'माद्रिद एस्ताऽ एन एस्पान्या'.

तसे पाहिले तर मराठीची मदत काळांच्या बाहेरही पुष्कळ आहे. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' ही रचना शब्दास शब्द 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस' अशी आहे; इंग्रजीतून येणारा येथे कर्ता शोधत राहतो. 'मी घर पाहिले' पण 'मी मुलीला पाहिले', ह्यात सजीव कर्माला आपण जो 'ला' लावतो त्याच्या जागी स्पॅनिश 'आ' येतो: 'बी ला कासा', 'बी आ ला नीन्या'. आणि औपचारिक पत्रात 'उस्तेद' वापरताना क्रियापद तृतीयपुरुषी का, असे मुले विचारतात तेव्हा मी जुन्या नाटकांतले 'महाराजांनी आसनस्थ व्हावे' ऐकवतो. 'उस्तेद' हा 'आपली कृपा' अशा अर्थाच्या दोन जुन्या शब्दांचा झिजून उरलेला अवशेष आहे. समोरच्याला न संबोधता त्याच्या कृपेला संबोधले, की क्रियापद तृतीयपुरुषी होणारच.

परीक्षेला आठ-दहा दिवस राहिले असता मी मुलांना तक्ता दिवसातून एकदाच, सकाळी, न पाहता लिहावयास सांगतो. उरलेला वेळ मराठी उताऱ्यांसाठी. उतारा घ्यावा, क्रियापदांखाली रेघ ओढावी, प्रत्येकावर 'सोबतचा' की 'पुढे सरकणारा' असे पेन्सिलीने लिहावे आणि मग स्पॅनिश रूप घालावे. भाषांतर करीत बसू नये, फक्त क्रियापदे. नमुन्यादाखल एक उतारा देतो.

'तेव्हा आम्ही खेड्यात राहत होतो. मी दहा वर्षांचा होतो. त्या दिवशी पाऊस पडत होता. एकाएकी दार वाजले. आईने दार उघडले. बाहेर एक मनुष्य होता. त्याला कोणी ओळखत नव्हते. त्याने पाणी मागितले. मागून आम्हाला कळले की तो दोन दिवस चालला होता.'

राहत होतो, 'बिबीऽआमोस', वय, म्हणून 'तेनीऽआ', पाऊस, 'योबीऽआ'. 'एकाएकी'पाशी वळण. दार वाजले ह्याला 'यामारोन आ ला प्वेर्ता' म्हणावे, म्हणजे 'दारावर हाक मारली'. कोणी मारली हे ठाऊक नसल्यामुळे तृतीयपुरुषी अनेकवचन. उघडले, 'आब्रिओऽ'. मनुष्य होता ह्याने गोष्ट पुन्हा थांबली, म्हणून 'आबीऽआ', आणि ओळखत नव्हते, 'नादिए लो कोनोसीऽआ'. येथे 'नादिए' (कोणीही नाही) क्रियापदाच्या आधी आल्यामुळे आणखी 'नो' नको. मागितले, 'पिदिओऽ', 'पेदीर'चा 'ए' प्रेतेरितोत तृतीयपुरुषीच तेवढा 'इ' होतो, 'मी मागितले' हे 'पेदीऽ'च राहते. कळले, 'सुपीमोस', 'साबीऽआमोस' लिहिले तर आधीपासून ठाऊक होते असा अर्थ होईल. शेवटचे 'चालला होता' हे त्या कळण्याच्याही आधीचे, म्हणून 'आबीऽआ कामिनादो'. दारात बाई उभी असती तरी 'कामिनादो'च राहिले असते; 'आबेर'मागून येणारे धातुसाधित लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही.